आजोबांच्या मागचा नळ

तार तुटली ती मीटरच्या हातून. त्याचं म्हणणं, तार जुनी होती. आत्याचं म्हणणं, तार माणसापेक्षा बरी होती, इतकी वर्षं तिनं कुणाला खाली पाडलं नव्हतं. काही का असेना, आजोबांची ती थोरली तसबीर भिंतीवरून सुटली, आत्याच्या शिलाई मशीनच्या चाकावर आपटली आणि जमिनीवर आली. काचेचा चुरा झाला, चौकटीचा एक कोपरा उघडला. आजोबा मात्र इंजिनाला टेकून, हाताची घडी घालून, जसेच्या तसे उभे.

"जिवंतपणी त्यांना कुणी खाली खेचू शकलं नाही," आत्या म्हणाली, "ते तू करून दाखवलंस. आता स्टुलावरच उभा राहा. हलू नकोस."

"पायात काच जाईल म्हणून?"

"तुझ्या पायाला काय होतंय! काच मशीनमध्ये गेली तर महिनाभर माझा दोरा तुटत राहील."

आत्या केरसुणी घेऊन आली आणि तिनं सगळी खोली झाडली. तोवर भाचा स्टुलावर पुतळ्यासारखा उभा. साठी उलटलेल्या माणसाला असं उभं राहणं शोभत नाही, पण आत्यापुढं वयाचं काही चालत नसे.

मीटर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. नोकरीत तो शहराच्या पाणीखात्यात मीटर तपासायचा, ते नाव घरच्यांनी पेन्शननंतरही चालू ठेवलं. स्वभावही खात्यालाच चिकटून राहिला. एखादी बाई म्हणाली, "आम्ही दोघंच असतो हो, पाणी लागतंच किती!" की हा आधी तिच्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडं बघायचा. दोघांच्या घरात लहान मुलाचे मोजे दिसले की वहीवर पेन टेकायचं. निवृत्त झाल्यावर दुसऱ्यांच्या दोऱ्या बघायची सोय संपली, म्हणून त्यानं आपल्याच पूर्वजांकडं मोर्चा वळवला.

निमित्त तसं चांगलं होतं. वाफेची इंजिनं जाऊन जमाना लोटला, पण ती जिथं उभी राहायची ती जुनी लोको शेड अजून होती. तिथं आता मोठं दालन होणार होतं. त्याच्या एका भिंतीवर शेडमधल्या जुन्या माणसांचे फोटो लागायचे, प्रत्येकाखाली नाव आणि काम. घरच्यांनी फोटो आणून द्यावेत, असं आवाहन निघालं. सगळ्यांच्या आधी मीटर तिथं जाऊन सांगून आला, "आमचे आजोबा. मेल ड्रायव्हर."

या 'मेल ड्रायव्हर'वर सगळं खानदान पोसलं होतं. कुणा चुलतभावाला गाडी मागं घेता आली नाही की दुसरा म्हणायचा, "आणि म्हणे मेल ड्रायव्हरचा नातू!" कुणी लग्नाला उशिरा पोचला की, "आजोबांची मेल कधी लेट झाली नाही, आणि तू बघ!" आजोबा बंदरापर्यंत जायचे, सरहद्दीपर्यंत जायचे, डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांतून जायचे. या सगळ्याचा पुरावा म्हणजे फोटो, आणि फोटो सगळे आत्याकडं.

तिथंच घोडं अडलं होतं.

आत्या म्हणजे मीटरच्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, शिलाई केली. शाळांचे गणवेश, इस्पितळाच्या चादरी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बाह्या आणि चेनी. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती, मशीन आणि चिंध्यांची पोती. समोर आलेल्या माणसाचं माप ती नजरेनं घ्यायची आणि तोंडावर सांगायची. "तुझी कंबर दोन बोटं वाढली," हे तिचं 'ये, बस.' दुकानात कापड घेताना ती त्याचं टोक थुंकीनं ओलं करायची, चोळायची, नाकाशी न्यायची, मग उजेडात धरायची. तोवर दुकानदारालाच आपल्या मालाची शंका यायला लागायची. स्वतःची सोडून दुसऱ्या कुणाची टेप ती वापरत नसे. लोकांच्या टेपा ताणलेल्या असतात, असं तिचं ठाम मत होतं, आणि हे मत टेपांपुरतंच होतं असं नाही.

दार वाजलं की ती दारातल्या भिंगातून बघायची, माणूस स्वच्छ ओळखायची आणि तरीही विचारायची, "कोण?"

"मी."

"मी कोण?"

"मीटर."

"कशावरून?"

मग साखळी निघायची. आत घेतल्यावरसुद्धा ती त्याच्या पाठीमागच्या जिन्याकडं एकदा बघून घ्यायची. फोटो मशीनखालच्या पत्र्याच्या डब्यात. एका वेळी एकच मिळायचा. तो परत आला, चारी कोपरे तपासून झाले, की पुढचा. दालनासाठी म्हणून मागितला तेव्हा तर तिनं स्पष्ट नाही म्हटलं होतं. "बाबांना भिंतीची हौस नव्हती," एवढंच. तसबीर तरी घेऊ द्यावी म्हणून मीटर स्टुलावर चढला, आणि मग पुढचं सगळं झालं.

फुटलेली तसबीर दुरुस्त करून आणण्याच्या अटीवर ती त्याच्या ताब्यात मिळाली. एका अर्थानं अपघात पथ्यावरच पडला, असं त्याला फ्रेमवाल्याच्या दुकानात जाईपर्यंत वाटत होतं.

फ्रेमवाल्यानं खिळे उपटले, मागचा पुठ्ठा काढला आणि तो म्हणाला, "साहेब, कडेचा कागद फार आत आलाय हो. फोटो केवढा आणि दिसत होता केवढा! हा नळ दाखवायचा का झाकायचा?"

"कसला नळ?"

"हा काय."

आजोबांच्या उजवीकडं, इतकी वर्षं जाड कागदाखाली दडलेला, इंजिनाला पाणी पाजायचा उंच लोखंडी नळ होता. वर जाऊन काटकोनात वळलेला. आणि वळणावर कुणीतरी ठोकलेला पट्टा. पट्टाही असा, की घाईत ठोकलाय, एक बोल्ट लांब आणि एक आखूड, खालून पाण्याचा ओघळ. दुसऱ्या कुणाला हा नळ दिसला असता. मीटरला गळती दिसली. नोकरीभर माणसांचे चेहरे तो विसरला असेल, पण एकदा बघितलेला सांधा कधी विसरला नव्हता. आणि हा सांधा त्यानं बघितला होता.

कुठं?

तो तसाच आत्याकडं गेला. "आत्या, तो बंदराचा फोटो दे बघू."

"बाबा कुठंयत?"

"फ्रेमवाल्याकडं. उद्या मिळतील."

"पावती?"

पावती दाखवल्यावर बंदराचा फोटो मिळाला. मागं पेन्सिलीनं आजीच्या हातचा एकच शब्द, 'बंदर'. पुढं आजोबा, वेगळं इंजिन, काळ्या मिशा. आणि त्यांच्या खांद्यामागं नळ, वळणावर पट्टा, एक बोल्ट लांब, एक आखूड. तो परत करून त्यानं 'सरहद्द' मागितला. मिशा करड्या, इंजिन तिसरंच, नळ तोच. 'डोंगर' मागितला. मिशा पांढऱ्या, पट्टा गंजलेला, पण तोच. आजवर फोटो बघताना त्यानं आजोबांचा चेहरा बघितला होता. आजोबांच्या मागं काय आहे हे बघायचं कुणाला सुचणार?

"काय एवढं न्याहाळतोयस?" आत्यानं विचारलं. मशीन थांबलं होतं.

"काही नाही. मिशा."

"मिशा खांद्यामागं असतात होय?" असं म्हणून तिनं फोटो काढून घेतला आणि डब्याचं झाकण लावलं. त्या दिवशी आणखी फोटो मिळाला नाही.

मीटर दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या जुन्या दप्तरखान्यात गेला. तळघरातल्या त्या खोलीत एक गृहस्थ स्वेटर घालून बसले होते. बाहेर ऊन होतं, पण कागदांना गारवा लागतो आणि कागदांबरोबर दप्तरदारालाही सोसावा लागतो.

"आजोबा शोधायचेत," मीटर म्हणाला. "मेल ड्रायव्हर होते."

दप्तरदारांनी चष्म्यावरून बघितलं. "इथं येणाऱ्या प्रत्येकाचे आजोबा मेल ड्रायव्हरच असतात. कोळसा भरणाऱ्याचा नातू म्हणून आजवर एकही जण आला नाही. मग एवढा कोळसा भरला कुणी, हे मला एकदा विचारायचंय."

आजोबा सापडायला फार वेळ लागला नाही. नाव तेच, वडिलांचं नाव तेच. हुद्दा: शंटर. भरती या शेडमध्ये, निवृत्ती याच शेडमध्ये.

"शंटर म्हणजे..."

"म्हणजे शेडमधून इंजिन काढायचं, कोळसापाणी करायचं, फलाटावर नेऊन गाडीला लावायचं, मेल ड्रायव्हरच्या हाती द्यायचं आणि खाली उतरायचं. बाहेरून आलेलं इंजिन शेडमध्ये घ्यायचं. काम जबाबदारीचं."

"पण कधीतरी बाहेरगावी जात असतील ना? एखादा ड्रायव्हर आजारी पडला..."

"साहेब, शंटर इंजिन घेऊन यार्डाबाहेर गेला तर त्याला ड्यूटी म्हणत नाहीत, चोरी म्हणतात."

मीटर पायऱ्या चढून उन्हात आला तेव्हा शंटर की ड्रायव्हर, हा प्रश्न त्याच्या डोक्यात नव्हताच. त्याहून मोठा प्रश्न दोरीवर वाळत पडला होता. त्याचे वडील किती वेळा सांगायचे: बाबा मेलवर निघाले की सगळं घर दाराशी उभं राहायचं. आई डबा द्यायची. दोन दोन रात्री बाबा घरी नसायचे. आले की बंदरावरच्या बोटींच्या गोष्टी सांगायचे.

यार्डाबाहेर न गेलेला माणूस दोन दोन रात्री झोपत कुठं होता?

"दुसरं घर," मीटर जेवताना बायकोला म्हणाला.

"कुणाचं?"

"आजोबांचं. दुसरं काही असूच शकत नाही. म्हणून तर आत्या फोटो देत नाही."

"अहो, आजोबांना जाऊन इतकी वर्षं झाली. आता पकडून त्यांचं काय करणार? मीटर कापणार?"

"तुला गंमत वाटतेय. मी मेल ड्रायव्हर म्हणून सांगून आलोय. ते तर खोटं निघालंच. उद्या दालन उघडायच्या दिवशी त्या दुसऱ्या घरचा नातू हाच फोटो घेऊन उभा राहिला तर? भर भिंतीसमोर, सगळ्या नातेवाइकांत?"

"तर त्याला चहा विचारा," बायको म्हणाली. "तुमच्यासारखाच दिसत असेल बिचारा. संशयीसुद्धा असेल."

बायकोचं सोडा, पण मीटरनं अर्धं ताट तसंच बाजूला सारलं. आजोबांच्या कडेवर तो बसला होता. त्यांच्या कोटाला कोळशाचा आणि साबणाचा वास यायचा, तो अजून त्याच्या नाकात होता. तो वास दुसऱ्याच कुठल्या दोरीवर वाळलेल्या कोटाचा निघाला तर भिंतीवर फोटो लावायचा कुणाचा?

दुरुस्त झालेली तसबीर पोचवायला तो गेला, तेव्हा नशीब जागं होतं. बटणं घेऊन माणूस आला आणि आत्या दाराशी त्याची उलटतपासणी घ्यायला लागली. बटणाला चार भोकं सांगितली होती, याला चारच आहेत हे खरं, पण ती सारख्या अंतरावर का नाहीत? हे प्रकरण लवकर मिटणार नव्हतं. मीटरनं डबा उघडला. वरचे सगळे ओळखीचे. तळाशी मात्र पांढऱ्या चिंधीत गुंडाळलेला एक फोटो होता, आजवर न मिळालेला.

आजोबा एका पायरीवर बसले होते. बनियनवर. एक बूट पायात, एक बाजूला. आणि हसत होते, चांगले दात दिसतील असे. बाकीच्या सगळ्या फोटोंत त्यांनी तोंड मिटलेलं. मागं अर्धवट उघडं दार, आत खाट. दार घरचं नव्हतं. आणि पुढं जमिनीवर, फोटो काढणाऱ्याची लांब सावली: डोक्यावर अंबाडा, कोपरं बाहेर काढून पोटाशी धरलेला कॅमेरा.

बाई.

त्यानं फोटो उलटा केला. मागं गावाचं नाव नव्हतं. कोरा. दाराशी बटणवाला शरण आल्याचं ऐकू आलं, तशी त्यानं चिंधीची घडी घालून डबा बंद केला आणि फोटो शर्टाच्या खिशात सरकवला.

तो घरी पोचला तर बायको दारातच. "आत्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, त्याला म्हणावं खिशातला फोटो काढून कोरड्या जागी ठेव, घामानं डाग पडतील. आणि सकाळी घेऊन ये."

"तिला कळलं कसं?"

"चिंधीची घडी उलट्या बाजूनं घातलीत म्हणे. शिवणवालीच्या घरात चोरी करायची तर घडी तरी शिकून जायचं."

सकाळी आत्यानं भिंगातून बघितलं, पण "कोण?" विचारलं नाही. हे वाईट लक्षण होतं. तिनं फोटो हातात घेतला, चारी कोपरे बघितले, मांडीवर ठेवला.

"विचार," ती म्हणाली. "रात्रभर झोपला नसशील."

मीटरनं खाकरून घेतलं. "आत्या, आजोबा शंटर होते. मी दप्तरात बघून आलोय. सगळे फोटो शेडमधल्याच नळापाशी काढलेत. आता मला एवढंच सांग. त्यांचं दुसरं घर होतं का?"

"होतं."

मीटर चिंध्यांच्या पोत्यावर बसला. "कुठं?"

"शेडच्या मागं. बाहेरगावचे ड्रायव्हर मुक्कामाला यायचे ती रनिंग रूम होती ना, तिच्या शेवटच्या खोलीत."

"आणि ही... ही बाई?"

"स्वतःच्या आजीचा अंबाडा ओळखू येत नाही तुला?" आत्या म्हणाली. "आणि म्हणे तपासनीस!"

मीटर वाकून तिच्या मांडीवरचा फोटो बघायला लागला. तशी आत्याच बोलायला लागली, मशीनवर हात ठेवून, कापड बेतावं तसं मापात.

"माझे आजोबा, आईचे वडील, ते आमच्याकडंच असायचे. त्यांनी आई दिली ती मुलगा मेल ड्रायव्हर होणार या बोलीवर. बाबा व्हायचेही, पण डोळे तपासले तेव्हा लांबचं दिसेना. मग काय, यार्डातच राहिले. हे म्हाताऱ्याला सांगायचं कुणी? तो दिवसभर दाराशी बसून प्रत्येकाला विचारायचा, कुठून आलास, कुठं चाललास, हातात काय आहे. तुझा स्वभाव कुणाकडून आलाय असं वाटतं तुला?"

"मग आजोबा खोटं बोलले."

"बोलले. डबा घेऊन निघायचे, मेलवर चाललो म्हणून. यार्डात काम करायचे आणि त्या खोलीत झोपायचे. आईला पहिल्याच खेपेला कळलं."

"कसं?"

"कपडे कोण धूत होतं? मेलचा ड्रायव्हर एका अंगानं बाहेर डोकावून उभा असतो. त्याचा एकच खांदा काळा होतो, एकच कान. बाबांची कॉलर दोन्हीकडून सारखी मळलेली. आई काही बोलली नाही. पुढच्या वेळी तीच डबा घेऊन त्यांच्या मागोमाग शेडमध्ये गेली. म्हाताऱ्याला सांगितलं, साहेबाच्या बायकोकडं शिवायला जाते."

"आणि भांडण?"

"कसलं भांडण! एका खोलीत आम्ही सगळी भावंडं, म्हातारा, त्याचा खोकला. घरात जरा हसलं तरी तो विचारायचा, का हसलात? त्या दोघांना बसून बोलायला जागा मिळाली ती तिथं, त्या पायरीवर. मला एकदा घेऊन गेली होती. मी तर बाबांना ओळखलंच नाही. हसताना बघितले नव्हते ना कधी."

"आणि बंदर? सरहद्द?"

"एका ड्रायव्हरकडं कॅमेरा होता. म्हाताऱ्याला पुरावा दाखवायला लागायचा. मग बंदराहून इंजिन आलं की त्याला टेकून बाबांचा फोटो. इंजिन तरी खरंच बंदराहून आलेलं असायचं. गोष्टी त्या ड्रायव्हरांकडून ऐकलेल्या. गाव आई ठरवायची. बंदराचा कंटाळा आला, पुढच्या वेळी डोंगरातून या, म्हणायची. मागं नाव तीच लिहायची. हा एक तिनं काढलेला. याच्यावर काही लिहिलं नाही, कारण हा म्हाताऱ्याला दाखवायचा नव्हता."

मीटरनं फोटो परत हातात घेतला. सावलीच्या कोपरांकडं बघितलं. अंबाडा खरंच आजीचा होता, डावीकडं कललेला.

"हे तू कुणालाच सांगितलं नाहीस?"

"सांगून? तुझा बाप, तुझे काका, सगळे त्या मेलवर बसून मोठे झाले. कुणी म्हणालं असतं, बाबा खोटारडे होते. कुणी आणखी काहीतरी वाईट म्हणालं असतं. तू तर घरी म्हणालासच असशील."

मीटर म्हणाला होता. त्यानं मान खाली घातली आणि खिशातून दालनाचा कागद काढला. नाव लिहिलेलं होतं, हुद्द्याची जागा मोकळी होती. कागद दुपारपर्यंत पोचवायचा होता.

"फोटो देतेस का? हा?"

आत्यानं बराच वेळ त्याच्याकडं बघितलं, कापड उजेडात धरून बघायची तसं. मग तिनं कपाटातून कोरी चिंधी काढली, फोटो नीट, सुलट्या घडीत गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला.

"देते."

"मग आत्या, खाली लिहू काय? मेल ड्रायव्हर लिहावं तर खोटं, आणि शंटर लिहिलं तर सगळं खानदान माझ्या अंगावर येईल."

"शंटर लिही, आणि जे अंगावर येतील त्यांना माझ्याकडं पाठव."